सील केलेल्या पाकिटातले माप

मी एका जाड कागदी पाकिटातून बोलतो आहे. पाकिटावर लाखेचे सील आहे, सीलवर क्रमांक आहे आणि मी पुरावा आहे. त्याआधी एकवीस वर्षे मी बसच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना मोजत होतो. कारखान्यात मला गेज म्हणतात. दिसायला मी घोड्याच्या नालासारखा. फक्त माझ्या जबड्यात दोन पायऱ्या आहेत. चांगली पिन पहिल्या पायरीतून जाते आणि दुसरीशी अडते. पहिलीतच अडली तर ती जाड, दुसरीतूनही निसटली तर बारीक. यापलीकडे मला काही कळत नाही.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या पिनांच्या कारखान्यातील एका थोरल्या मिस्त्रीने मला घडवले आणि पहिल्या मालाबरोबर स्वतः येऊन आमच्या तपासनिसांच्या हाती दिले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. मिस्त्रीने पिन माझ्या तोंडाशी धरून सोडून दिली; ती स्वतःच्या वजनाने घसरली आणि अडली. ढकलायची नाही, हे त्याने नुसत्या खुणेने समजावले. आणखी एक रीत त्यानेच लावून दिली. माल उत्तम निघाला की घडवणाऱ्याला दोन ओळी लिहून कळवायचे. तपासनीस ती नेमाने पाळत आले.

मग त्या देशाने शेजाऱ्यावर सैन्य घातले. आमचे ब्रेक विकत घेणाऱ्या देशांनी निर्बंध लावले. त्या देशाचा एक खिळा जरी आत असला, तरी माल घेणार नाही म्हणाले. पिना बंद झाल्या, मिस्त्रीची पत्रेही. तपासणीच्या तक्त्यात 'उत्पादक देश' असा नवा रकाना आला. त्याखाली सही तपासनिसांचीच.

खरेदीचे काम त्यांची पुतणी पाहत असे. तिने खटपट करून एका दूरच्या देशात नवा कारखाना गाठला. त्याच्या पिना माझ्या पहिल्याच पायरीत अडकत. तीन महिने पेटीमागून पेटी परत गेली. कामगार हातावर हात ठेवून बसू लागले.

"काका, केसाएवढा तर फरक आहे."

"केस डोक्यावर शोभतो. ब्रेकमध्ये नको."

चौथ्या महिन्यात पुन्हा एक पेटी आली. शिक्का त्याच नव्या देशाचा. तपासनिसांनी पिन सोडली. ती घसरली आणि अडली. शंभरच्या शंभर तशाच. मला ती चाल ओळखीची वाटली. पिनेच्या टोकावर जिथे पूर्वी कारखान्याची खूण असे, तिथे घासून चकचकीत केलेला ठिपका होता. पण जबडा असला तरी मला वाचा नाही. तपासनीस हरखून गेले. त्यांनी सही केली, आणि रीतीप्रमाणे नव्या कारखान्यालाही दोन ओळी लिहिल्या: आपल्या कारागिरांना माझा नमस्कार सांगावा.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. 'आभारी आहोत. परंतु आपण परत पाठवलेल्या पेट्यांनंतर आम्ही आपल्याकडे एकही पिन पाठवलेली नाही.'

त्यांनी पत्र दोनदा वाचले. भिंगाखाली एका पिनेचे टोक पाहिले. मग पुतणीला बोलावून दार लावून घेतले.

"कुठून आणल्यास?"

"मधल्या देशातल्या एका व्यापाऱ्याकडून. माल जुन्याच कारखान्याचा. खुणा त्यानं घासल्या, पेट्या त्यानं बदलल्या."

"आणि तुला माहीत होतं."

"होतं. नव्या पिना तुम्ही नापास केल्यात, जुन्या पिना कायद्यानं. मग बसनं काय पाय घासत थांबायचं?" तिचा आवाज खाली आला. "सोमवारी गिऱ्हाइकाचा माणूस येतोय. ते पत्र फाडून टाका, काका. दीडशे माणसं आहेत इथे. आणि सही तुमची आहे. आधी तुम्ही अडकाल."

"धमकी देतेस?"

"नाही. घाबरलेय."

सोमवारी गिऱ्हाइकाचा माणूस आला. त्याने मला स्वतः हातात घेतले, आठ-दहा पिना सोडून पाहिल्या आणि समाधानाने मान डोलावली. पत्र तपासनिसांच्या खिशात होते. त्यांची बोटे टेबलावर टेकलेली होती. पुतणी दाराशी उभी होती. पाहुण्याने पेनाचे टोपण काढले.

"माप बरोबर आहे," तपासनीस म्हणाले. "देश चुकीचा लिहिलाय. सही माझी आहे."

मग दाराकडून आवाज आला, "खरेदी माझी आहे."

त्यानंतर पेट्या जप्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. मागणी रद्द झाली. पुतणीची नोकरी गेली, आणखी चाळीस जणांची गेली. चौकशी अजून संपलेली नाही. तपासनिसांनी योग्यच केले, असे मी म्हणू शकेन. पण त्या चाळीस घरांत ते म्हणण्याची माझी हिंमत नाही.

परवा तपासनीस इथे, चौकशीच्या कचेरीत, जबाबाला आले होते. ओळख पटवण्यासाठी माझे सील उघडले गेले.

"नव्या कारखान्याचा कारागीर येतोय," ते कारकुनाला म्हणाले. "त्यांचं कुठं चुकतं ते शिकायला. माझ्या पत्रानंतर त्यांनीच विचारलं. तोवर हे मिळेल का?"

"निकाल लागल्यावर."

"बरं. पिन सोडायची कशी, एवढं तर रिकाम्या हातानंही दाखवता येईल."

त्यांनी माझ्यावर चिमूट धरली आणि अलगद सोडली, थेट त्या मिस्त्रीसारखी. मग मी पुन्हा अंधारात गेलो.

वाचकहो, निकाल लागेल तेव्हा मला तेलाचा हात फिरवून त्यांच्या टेबलावर पोचवा. पिन कुठल्याही देशाची येऊ द्या. फक्त तिचा देश खरा लिहा, आणि तिला ढकलू नका.