पाऊण इंच

छगन पारोळ्याला सायकलवर बसला तो शहाऐंशी सालच्या जानेवारीतला सोमवार होता. बाजारपटांगणात चुन्याचं गोल रिंगण आखलेलं. त्यात सात दिवस सायकल चालवायची, जमिनीला पाय लावायचा नाही. जेवण, दाढी, अंघोळ, सगळं चालत्या सायकलवर. त्या काळी गावोगाव असे खेळ होत आणि बघायला बायामाणसं घरचं काम उरकून येत.

छगन जामनेरकडचा. अकरा वर्षांचा असताना कापसाच्या गाडीवरून पडून त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने बांधलं, पण हाड एकावर एक चढून जुळलं आणि पाय दीड इंच आखूड राहिला. शाळेत त्याला नावाने कोणी हाक मारली नाही, लंगड्या म्हणूनच मारली. सायकलवर बसल्यावर मात्र कोणाला काही कळत नसे. म्हणून त्याने सायकल धरली ती सोडलीच नाही. डाव्या बुटाखाली तो बाभळीची दीड इंच जाड फळी ट्यूबच्या रबराने आवळून बांधायचा आणि वरून पायघोळ पँट घालायचा. त्याची बायको पुष्पाबाई नऊ वर्षं त्याच्याबरोबर गावोगाव फिरत होती, पण तो पाय त्याने तिलाही कधी धड बघू दिला नव्हता. घरात बूट काढायचा तो भिंतीकडे तोंड करून.

आदल्या वर्षी धुळ्याला पाचव्या दिवशी त्याला उतरावं लागलं होतं. उजव्या गुडघ्याने दगा दिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यानंतर आठ दिवस तो कोणाशी बोलला नव्हता.

पारोळ्यात बुधवारी दुपारीच गुडघा सुजला. पुष्पाबाई भाकरीचा घास हातात घेऊन सायकलच्या बाजूने चालत होती.

"अहो, टम्म फुगलाय गुडघा. उजवाच."

"तो चांगला पाय आहे. त्याला काही होत नाही," छगन म्हणाला आणि घास न घेताच पुढे गेला.

मांडव ठोकणारा झिपरू सुतार पहिल्या दिवसापासून रिंगणाच्या कडेला बसून बघत होता. सत्तरी उलटलेला माणूस. तो उठला आणि छगनच्या बाजूने चालू लागला.

"भाऊ, तुनी सीट उजवीकडेच घसायेल शे. डावा पाय वर ऊना का तुनी कंबर वर उचलास. बुटखाल काय बांधेल शे?"

डावा पाय वर आला की कंबर उचलली जाते हे म्हाताऱ्याने हेरलं होतं; छगनने पँटचा घोळ बुटावर ओढला. झिपरू पुढच्या फेरीलाही चालला.

"काही नाही आबा. जा तुम्ही."

"कितलं आखूड शे?"

एवढ्या सरळपणे छगनला कोणी विचारलं नव्हतं.

"दीड इंच," तो हळूच म्हणाला. "दीड इंचच फळी आहे. अगदी बरोबर."

"बरोबर शे म्हणीसनच दुखस. कितला वरीस वाकडा चालना तू? वीस? कंबर वाकडीच तयार व्हयेल शे. आते तिले एकदम सरळ करशी त ती चांगला पायवर रेटा देस. निम्मं भर. पाऊण इंच."

"म्हणजे पाय आखूडच राहील."

"राहू दे ना. आखूडच शे तो."

छगनने दात आवळले आणि वेग वाढवला. पण दोन तासांनी गुडघा वाकेनासा झाला. तेव्हा त्यानेच मान वळवून हाक मारली. "आबा, फळी करता का?"

झिपरूने तिथेच बसून सागाचा तुकडा तासला. आता जुनी फळी सोडायची होती, तीही सायकल न थांबवता. त्यासाठी डावा पाय उचलून हँडलवर ठेवायचा आणि सुजलेल्या उजव्या पायाने एकट्याने सायकल ओढायची. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळावी लागली. भोवती चार-पाचशे माणसं होती. बारीक पडलेली पोटरी, बुटाखालची ती जाड फळी, सगळ्यांना सगळं दिसलं. माइकवरून खेळ पुकारणारा माणूस बोलता बोलता थांबला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी "आरे देवा" म्हणाली.

पुष्पाबाई धावत धावत रबर सोडत होती. गाठ जुनी होती, सुटेना. छगन दर पायडलला कण्हत होता. दुसऱ्या फेरीला तिने गाठ दातांनी तोडली. चौथ्या फेरीला नवी फळी बसली.

संध्याकाळपर्यंत काही फरक वाटला नाही. गुरुवारी सकाळी गुडघा थोडा वाकला. शुक्रवारी तो जेवला. दुखणं गेलं नाही, पण वाढलंही नाही. सोमवारी दुपारी बारा वाजता दोघांनी धरून त्याला खाली उतरवलं. नारळ, शाल, भाषण झालं. माइकवरच्या माणसाने "अपंग असूनही" असं तीनदा म्हटलं. छगन खाली मान घालून ऐकत राहिला.

धर्मशाळेत आल्यावर पुष्पाबाई भिंतीशी बसली. आठ दिवस ती रडली नव्हती, आता रडली.

"नऊ वर्षं मला हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "आणि बुधवारी अख्ख्या पारोळ्यानं बघितला."

छगन सतरंजीवर पडला होता. त्याने पँट वर सरकवली आणि डावा पाय तिच्या बाजूला लांब केला.

"मांडीत दुखतं," तो म्हणाला. "हाड जुळलंय तिथं."

तिने तेलाची बाटली उघडली. हाडाचा उंचवटा तिच्या बोटांना लागला. तिने तिथे हात ठेवला आणि विचारलं, "इथं?"

"थोडं वर."

पुढे चार वर्षं तो अमळनेर, चोपडा, शिरपूर करत फिरला. मग उजवा गुडघा कायमचा धरला आणि त्याने खेळ बंद केला. जामनेरच्या बसस्टँडसमोर त्याने सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात तो बिनफळीचा, लंगडत वावरायचा.