काचेत कोंडलेली वाळू

मी वाळू बोलतेय. नदीकाठी पाय खुपसून बसता ती मोकळी वाळू नव्हे. मी काचेतली, मोजून भरलेली. वर एक फुगा, खाली एक फुगा आणि मध्ये सुईच्या नेढ्याएवढी वाट. या फुग्यातून त्या फुग्यात, एवढाच काय तो माझा प्रवास. सध्या तोही बंद आहे, कारण मला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलंय. म्हणजे काचेत काच आणि तिच्यात मी. फिरता आलं असतं तर बोलत कशाला बसले असते?

मला नदीच्या पात्रातून उपसलं, धुतलं, वाळवलं, बारीक चाळणीतून चाळलं. जाड कण बांधकामावर गेले. आज ते कुठल्यातरी भिंतीत असतील, म्हणजे त्यांचीही सुटका नाहीच. आम्हा बारीक कणांना निळा रंग दिला आणि एका कारागिराने काचेत ओतून तोंड वितळवून बंद केलं. "आता हिला वारासुद्धा लागायचा नाही," तो कौतुकाने म्हणाला. माणसं कशाकशाचं कौतुक करतात!

मुलांच्या इस्पितळातल्या एका ताईने मला विकत घेतलं. ती डॉक्टर नव्हती, शिक्षिकाही नव्हती, पण दोघांच्या मधलं काम करायची. डोक्यातली गाठ काढून, किरणांचे उपचार घेऊन जी मुलं बरी होतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे अभ्यास जड जाऊ लागतो. अशा मुलांना ती शिकायची नवी रीत लावून द्यायची. तिच्या खोलीतल्या टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलेलं होतं, कारण मुलांचा तोल जायचा. टेबलावर एका वेळी एकच वस्तू. बाकी सगळं कापडाखाली. दोन वस्तू दिसल्या की मुलांचं लक्ष दोन्हीकडून निसटायचं.

तिथे मला भिंगरी भेटली. लहानपणी ही मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून घरच्यांनी ते नाव ठेवलेलं. मानेच्या वर, केसांत, एक लांब व्रण. गाठ निघून दोन वर्षं होत आली होती. शाळेत परत गेली, तेव्हा पेढे वाटावेत असा सगळ्यांना आनंद. मग हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. फळ्यावरचं उतरवेपर्यंत फळा पुसला जायचा. तीन कामं सांगितली की मधलं हरवायचं. दुपारनंतर मान टेबलाला टेकायची.

ताईने तिची आई आणि आबा, म्हणजे वडिलांचे वडील, अशा दोघांना समोर बसवून सांगितलं, "बुद्धी कुठे गेलेली नाही. वेग कमी झालाय. गाठ आणि तिच्यावरचे उपचार, दोन्हींचा हा परिणाम आहे आणि तो असाच उशिरा दिसतो. ती आळस करत नाहीये."

"पण आता ती बरी झाली ना?" आबा म्हणाले. "रिपोर्ट स्वच्छ आहे."

"गाठीचा रिपोर्ट स्वच्छ आहे, आबा. शिकण्यावरचे उपचार आता सुरू होतायत."

मग तिने उपचार सांगितले. एका वेळी एकच सूचना द्यायची. ऐकलेलं तिच्याकडून तिच्या शब्दांत परत म्हणवून घ्यायचं. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून शाळेशी बोलायचं. आणि शेवटी मला उचलून आईच्या हातात दिलं. "ही वाळू खाली जाईपर्यंत अभ्यास. वाळू संपली की पेन खाली, काम अर्धं राहिलं तरी. मेंदू दमायच्या आत विश्रांती हवी, त्यासाठी ही."

माझी नेमणूक अशी होती. मी विश्रांतीची वाळू.

घरी आले आणि आबांनी माझी नोकरीच बदलली.

आबांनी उभा जन्म शिकवण्या घेतल्या होत्या. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि उत्तर चटकन देतो तो हुशार, हे त्यांचं एकमेव शास्त्र. कपाटात त्यांच्या विद्यार्थ्यांनी जिंकलेले चषक होते. त्यांनी मला डोळ्यांसमोर धरलं, हलवलं आणि म्हणाले, "छान आहे. ही वाळू संपायच्या आत गणितं झाली पाहिजेत."

"आबा, ताई म्हणाल्या होत्या की—"

"सूनबाई, मी किती पोरं घडवली ते तुला ठाऊक आहे. लाड केले की मेंदूला गंज चढतो."

भिंगरीचे बाबा नोकरीसाठी दूर असत. फोनवर त्यांचं ठरलेलं वाक्य, "आबा म्हणतील तसं करा." एवढं बोलून ते मोकळे.

मग रोज संध्याकाळी मी टेबलावर. आबा मला उलटं करायचे आणि म्हणायचे, "हं, पळ!" मी खाली गळू लागले की भिंगरीची नजर वहीवर ठरायचीच नाही, माझ्यावर खिळायची. येत असलेलं गणितही तोंडचं पाणी पळावं तसं पळायचं. मला थांबता येत नव्हतं. वाळूला थांबता आलं असतं तर मी त्या मधल्या वाटेत हट्टाने अडकून बसले असते. पण कारागिराने मला फारच चांगलं चाळलं होतं.

"झाली वाळू! आणि तू अजून पहिल्यावरच? पालथ्या घड्यावर पाणी!"

मोठ्या माणसांना एक खोड असते. मूल पडलं तर ते धावत येतात, मूल अडलं तर मात्र ओरडतात. डोक्यावरचा व्रण त्यांना दिसतो. डोक्यातला दिसत नाही, म्हणून तो नाहीच!

एके दिवशी आबा फोन घ्यायला आत गेले. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि मला हळूच आडवं निजवलं.

मी थांबले. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. जन्मात पहिल्यांदा मला कुठेच जायचं नव्हतं.

तिने मोठा श्वास सोडला आणि वहीत डोकं घातलं. बोटं मोजली, एक खोडलं, पुन्हा लिहिलं. मध्ये खिडकीबाहेर बघत बसली, मग परत आली. आबांचं बोलणं लांबलं, त्यांच्या फोनचं भलं होवो. ते बाहेर आले तेव्हा ती शेवटच्या गणिताखाली रेघ मारत होती.

त्यांनी वही बघितलीच नाही. मला बघितलं.

"घड्याळ आडवं केलंस? ही चोरी झाली! आमच्या घरात चोरी?"

मला उचलून कपाटात, चषकांच्या रांगेत ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात गेली.

आवाज ऐकून आई आली. तिने वही उचलली आणि उभ्या उभ्या गणितं तपासली. मग वही आबांसमोर ठेवली.

"सगळी बरोबर आहेत."

"वेळ किती लागला ते विचार."

"तुम्ही तेवढं एकच विचारता, आबा! मी उद्या शाळेत जातेय. जादा वेळ मागायला."

"म्हणजे सगळ्या शाळेत डंका पिटायचा, आमची नात मंद आहे म्हणून? जन्माचा शिक्का बसेल तिच्यावर."

"आबा, मला..." भिंगरी म्हणाली आणि अडली.

"काय मला? बोल की पटकन! तुला काय म्हणायचं ते मला—"

"थांबा," आई म्हणाली. या घरात आबांना हा शब्द कोणी ऐकवला नव्हता. "तिचं वाक्य तिला पुरं करू द्या."

सगळे थांबले. भिंगरीचे ओठ हलत होते, शब्द नव्हता. आईची मूठ घट्ट आवळलेली. तिलाही तो शब्द पुरवावासा वाटत होता, हे मला काचेतून दिसत होतं. तिने पुरवला नाही.

"मला येतं, आबा," भिंगरी शेवटी म्हणाली. "फक्त ते... लांबून येतं."

आबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं. ते विरघळले वगैरे म्हणाल तर मुळीच नाही. पण पान कितीतरी वेळ उलटलं नाही.

आई शाळेत गेली. आधी "बघू", मग "पुढच्या वर्षी बघू" अशी उत्तरं आली. ती ताईला घेऊन पुन्हा गेली आणि जादा वेळ मंजूर करूनच उठली. आबा तेव्हापासून तिच्याशी मोजकं बोलतात. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.

आज भिंगरीचा गणिताचा पेपर. गल्लीतली मुलं केव्हाच परतली, पायरीवर बसून उत्तरं ताडून पाहिली आणि आपापल्या घरी गेली. आबा खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"अजून कशी आली नाही?"

"यायची नाही इतक्यात," आई म्हणाली. "बसा तुम्ही."

आबा बसले. हात मांडीवर, डोळे दाराकडे. इतरांना घाई करण्यात हयात गेलेला माणूस. वाट बघायची कशी, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. खुर्चीत ते असे अवघडलेत की मला ते ओळखीचे वाटले.

माझी सुटका होईल असं मला वाटत नाही. या चषकांच्या मागे धूळ खात राहीन. माझं जाऊ द्या. पण तुमच्या घरात, वर्गात, शेजारी असं एखादं मूल वाक्याच्या मध्येच अडलं, तर त्याच्या तोंडात तुमचा शब्द कोंबू नका. घड्याळाकडे बघू नका. तोंड मिटून समोर बसा.

ती अजून आलेली नाही. लिहीत असेल. लिहू द्या तिला.