पाइपाची पूजा

टप्प.

माठाच्या तोटीतला थेंब खालच्या पितळी वाटीत पडला आणि निशिगंधाला कळलं, कानातला डॉक्टर बोलायचा थांबलाय. नेट गेलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं, हे तिचं घरबसल्याचं काम. नागपूरच्या मॅडमनी कालच बजावलं होतं, "सोमवारपर्यंत धड लाइन घ्या, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे." मांडीवर सलोनी निजली होती. तिच्या घामेजल्या कपाळावरची बट निशिगंधाने हलकेच बाजूला केली, आणि त्याच हाताने कुणाच्या तरी थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या नेट कंपनीचा रामधन दारात आला. खांद्यावरचं तारेचं भेंडोळं न उलगडलेलं.

"ताई, तुमच्या दारापर्यंत जमिनीतून पाइप हाय. पन कोपऱ्यावरच्या चेंबरले कुलूप. लेआउटवाले पुंडलिकराव म्हनते, त्यातून माह्या भाच्याच्याच नेटची तार जाईन."

"मंग वरून टाका ना!"

"वरून तार लटकवाची नाही, असं तुमच्या प्लॉटच्या कागदातच हाय म्हने."

होतं खरं. त्यावर तिनेच मोठ्या कौतुकाने सही केली होती.

सलोनीला कडेवर घेऊन ती लेआउटच्या फाटकाशी गेली. बाभुळगावच्या या लेआउटवर तीन वर्षांपूर्वी पुंडलिकरावांची कपाशीची पऱ्हाटी होती. सारे प्लॉट विकून झाले तरी पुंडलिकराव अजून 'माह्यं वावर'च म्हणत. खुर्चीत बसून ते शेंगा फोडत होते.

"ये सूनबाई. भाच्याचं नेट चालते ना?"

"चालते कायचं, लंगडते! कुलूप काढा, काका. माह्यं काम चाललं हातचं."

"पाइप म्या टाकला. माह्या वावरात टाकला."

"वावर विकलं न तुम्ही! रस्ता नगरपंचायतीले देला."

"रस्ता देला. पाइप नाही देला. जाय, इचार तिथं."

ती विचारून आली होती. नकाशात पाइपच नाही, मग तो आमचा कसा, म्हणून तिथल्या बाबूने हात झटकले होते.

"मंग पाइप टाकला त्या दिवशी आमाले जोडीनं पूजेले कायले बसवलं त्याच्यापुढं? हळदकुंकू म्या वाह्यलं, नारळ यांनी फोडला. 'पोरी, हे सारं तुमचंच' म्हनलं होतं तुम्ही, साऱ्या लेआउटसमोर!"

"शुभ कामात मानूस म्हनतेच तसं. लिहून घेतलं का?"

नव्हतं घेतलं. पाइपावर नारळाचं पाणी सांडत असताना 'हा कोणाचा?' असं विचारणं तिला अपशकुनी वाटलं होतं. उलट पाइपाशेजारी फोटो काढून घेऊन, पदर सावरत घरोघरी खोबरं वाटत फिरली होती ती. त्या खोबऱ्याची आता तिला शिसारी आली.

"माती विकली अन् तिच्या पोटातली वाट ठेवून घेतली! उद्या नळाचं पाणीही भाच्याचंच म्हनसान!"

पुंडलिकराव हसले. त्यांनी सलोनीपुढे मूठभर शेंगा धरल्या. निशिगंधाने लेकीचा हात मागे ओढला आणि ती तडक निघाली.

कोपऱ्यावर चेंबरशी तिचे पाय थांबले. लेकीला खाली उतरवून तिने दगड उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दगडाचा टवका उडाला. कुलूप होतं तसंच.

सलोनीने वाकून लोखंडी झाकणाला कान लावला.

"आई, आपल्या फोटोतला पाइप हाच का?"

"हो, बाई."

"मंग पूजा तू केली, तर देव त्या शेंगावाल्या आबाले कसा पावला?"