आजीला मारायला नको होतं

पहिल्यांदा फुलं सापडली तेव्हा मासुयोला वाटलं, कुणीतरी घर चुकलं असेल. फाटकाशी पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ ठेवलेला, आम्ही थडग्यावर ठेवतो तसा. शेजारचे आजोबा नुकतेच गेले होते, म्हणून तिनं तो उचलून तिकडे नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं. पुढं फुलांबरोबर गोड सारणाची तांदळाची वडीही यायला लागली. फुलं तिनं शेजारी दिली, वडी स्वतः खाल्ली.

मग एका सकाळी ती खारवलेले आलुबुखार वाळत घालायला बाहेर आली, तर फाटकाबाहेर दोन परगावची पोरं डोळे मिटून, हात जोडून उभी. त्यातल्या एकानं डोळे उघडले आणि तो किंचाळलाच.

"काय झालं रे?" मासुयोनं विचारलं.

"आजी, तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?"

"सकाळी उठले तेव्हा तरी होते. हात कुणासाठी जोडताय?"

"आजीसाठी."

"कुणाच्या?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, कंबरेत वाकून माफी मागितली आणि उतारावरून पळ काढला. मासुयो टोपली तिथंच ठेवून तडक माझ्या अंगणात आली. मी जुना दोर उकलत बसलो होतो.

"तोकुजी, त्या सिनेमात माझं काय केलंय रे?"

मला माहीत होतं. सगळ्या बंदराला माहीत होतं. तिला सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

दोन-तीन वर्षांपूर्वी टोकियोहून चित्रं काढणारी काही तरुण मंडळी आमच्याकडे आली होती. त्यांनी बंदराची भिंत, देवळाच्या पायऱ्या, उतारावरची घरं, सगळ्याचे फोटो काढले. मासुयोच्या ओसरीवर बसून चहा प्याले, तिनं केलेले आलुबुखार तोंड वाकडं करत खाल्ले आणि गेले. आणि या उन्हाळ्यात त्यांचा तो चित्रांचा सिनेमा आला, 'भरतीपर्यंत थांब'. त्यात आमचं बंदर हुबेहूब होतं. मासुयोचं घर तर खिळ्यांसकट होतं. फरक एवढाच, की त्या घरातली आजी सिनेमात मरते.

"मरते?" मासुयो म्हणाली. "कशानं?"

"ते काही सांगत नाहीत. ओसरीवर बसल्या बसल्या."

"माझ्या ओसरीवर?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "बघायलाच पाहिजे."

आम्ही दोघं सभागृहाच्या माडीवर हातानोबाईंच्या वर्गात जायचो. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना लिहा-वाचायला शिकवणारा वर्ग तो. महायुद्धानंतरची आमची पिढी. मी पोरवयातच माकूळ धरायच्या होडीवर गेलो. मासुयो भावंडांना पाठीवर बांधून मासळी सुकवायच्या शेडमध्ये उभी राहिली. पुढं आयुष्यभर दवाखान्यात, कचेरीत, बँकेत दुसऱ्यांनीच आमच्या वतीनं लिहिलं आणि आम्ही खाली आपल्या नावाचा शिक्का उमटवला. काय लिहिलंय ते विचारायचीही लाज वाटायची. सत्तरी ओलांडल्यावर आम्ही पेन्सिल धरली.

सिनेमाचं नाव काढताच हातानोबाई खूश झाल्या. सगळ्या वर्गानं मिळून जायचं आणि परत आल्यावर प्रत्येकानं आपलं मत लिहायचं, असं ठरलं.

गावातलं जुनं थिएटर कित्येक वर्षांनी भरलेलं होतं. पडद्यावर एक पंधरा वर्षांची मुलगी सुट्टीसाठी आजीकडे येते. इथल्या एका मुलावर तिचा जीव जडतो. तो पोरगा बंदराच्या भिंतीवर बसून कर्णा वाजवतो, पण तिच्याशी धड एक वाक्य बोलत नाही. तीही बोलत नाही. दोघं नुसतं समुद्राकडे बघतात. असा अर्धा सिनेमा जातो. मग आजी वाळत घातलेले आलुबुखार उलटता उलटता ओसरीवर मान टाकते. पाऊस येतो. मुलगी रडत भिंतीकडे धावते आणि त्या पोराला मनातलं सगळं सांगते. शेवटी ती आगगाडीत बसून जाते आणि तो फलाटावर कर्णा वाजवतो.

मी रडलो. लपवून काय करू? शेजारच्यांनी रुमाल दिला. सगळं थिएटर नाक ओढत होतं. मासुयो मात्र मांडीवर पिशवी घट्ट धरून, शिक्षा झालेल्या पोरासारखी ताठ बसली होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "समुद्र बाकी छान काढलाय."

"समुद्र चांगलाय," ती म्हणाली. "पोरंही गोड आहेत. पण म्हातारीला मारलं कशाला?"

"अगं, त्याशिवाय ती पोरगी बोलली नसती."

"का? तिची जीभ आजीनं धरून ठेवली होती?"

"सिनेमात असंच असतं, मासुयो."

"तुझं सोड. जाळ्यातून मासा निसटला तरी तू रडतोस. आणि ते आलुबुखार? पाऊस आला तेव्हा ते कुणी आत घेतले? एकानं तरी विचारलं? म्हातारी गेली, पोरांचं जमलं, गाडी सुटली. म्हातारीचं काम तेवढंच."

पुढच्या वर्गात आम्ही मतं लिहिली. माझं छोटं होतं: 'मी रडलो. समुद्र आवडला.' मासुयोनं पूर्ण तास घेतला. खोडलं, पुन्हा लिहिलं, जीभ दातांत धरून. तिनं लिहिलं ते असं:

'सिनेमा बघायला चांगला आहे. पण आजीला मारायला नको होतं. ती मेल्यावाचूनही गोष्ट झाली असती. त्या घरात मी राहते. मी आहे.'

हातानोबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि हातातली पेन्सिल बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "यातलं एक अक्षरही मी बदलणार नाही."

बदललं ते निशिवाकीनं. निशिवाकी म्हणजे बंदरावरच्या खानावळीचा मालक आणि पर्यटन मंडळाचा अध्यक्ष. मंडळ सिनेमाच्या चाहत्यांसाठी पत्रक छापणार होतं, त्यात गावातल्या ज्येष्ठांची मतं हवी होती. बाईंनी आमची मतं विश्वासानं त्याच्याकडे दिली. पत्रक छापून आलं तेव्हा मासुयो ते घेऊन माझ्याकडे आली. तिच्या घराचा फोटो होता, तिचं नाव होतं आणि खाली एक ओळ. ती तिनं अक्षरावर बोट ठेवून मला वाचून दाखवली.

"'आजीच्या निरोपानं मीही खूप रडले. आमच्या गावी जरूर या.' इसोनो मासुयो." तिनं वर पाहिलं. "मी रडले होते का रे?"

"नाही."

"मग हे कोण रडलंय माझ्या नावानं?"

आम्ही खानावळीत गेलो. निशिवाकीनं चहा मागवला, गाद्या पुढं केल्या.

"मासुयोकाकू, रागावू नका. जागा कमी होती. आणि चार गोड शब्द लिहिले तर काय बिघडलं?"

"लिहायचे तर तुझ्या नावानं लिही. माझं मला छापून दे, नाहीतर माझं नाव काढ."

"आता सगळं छापून झालंय, काकू! आणि तुम्ही काय लिहिलंत? आजी मरते म्हणून! अहो, ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना शेवटच कळला."

"माझ्या दारात पांढरी फुलं टाकतात, त्यानं नाही कळत?"

निशिवाकीनं हात टेकले. खरं सांगायचं तर तो वाईट माणूस नव्हे. शाळा बंद पडली होती, तरुण मंडळी शहरात गेली होती, खानावळीच्या वरच्या खोल्यांत नुसती धूळ होती. या सिनेमानं पहिल्यांदा लोक आणले. तो म्हणाला, "काकू, गावाच्या भल्यासाठी एवढं सहन करा. गाव जगलं पाहिजे."

"गाव जगावं म्हणून मी मरायचं का?"

 मासुयो चहा संपवून, कप उलटा ठेवून उठली. वाटेत मी म्हटलं, "जाऊ दे ना. एक ओळ ती. दोन महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

"तुला जाऊ देता येतं," ती म्हणाली. "तुझं होतं तसं छापलंय."

त्या आठवड्यात तिनं मासळी सुकवायच्या जुन्या फळीला पांढरा रंग दिला, काळ्या रंगानं आपलं मत जसंच्या तसं लिहिलं आणि फळी फाटकावर ठोकली. हातोडा माझा होता, खिळेही माझेच.

लोक फळीचा फोटो काढायला लागले. काही हसले, काही रागावले. एकानं मला अडवून सांगितलं, "आजोबा, त्या बाईंना सिनेमा कळलाच नाही." मी म्हटलं, "जाऊन तिला सांग, मला काय सांगतोस?" तो गेला नाही.

मग निशिवाकीवर खरी आफत आली. सिनेमातल्या मुलीला आवाज देणारी नटी आमच्या गावी येणार, चाहत्यांची सहल घेऊन सगळी ठिकाणं पायी बघणार, असं ठरलं. मासुयोचं घर शेवटचं ठिकाण. तो तीनदा येऊन गेला. एका दिवसापुरती फळी काढा म्हणाला, मग अर्ध्या दिवसापुरती, मग तासापुरती.

"तासापुरतं माझं नाव पत्रकातून निघेल?" ती विचारायची.

सहलीच्या सकाळी आम्ही पाहिलं तर फळीवर उत्सवातलं निळं कापड बांधलेलं होतं. निशिवाकीची माणसं पहाटे येऊन गेली असावीत. मी गाठ सोडायला हात घातला.

"राहू दे," मासुयो म्हणाली. "मी बाहेर बसते."

ती फाटकाबाहेर स्टूल टाकून बसली. दुपारी उतारावरून गर्दी वर आली. पुढं निशिवाकी, बरोबर ती नटी. नाजूक मुलगी, उन्हानं लाल झालेली. प्रत्येकाच्या हातात ते पत्रक. निशिवाकी हातातल्या भोंग्यातून म्हणाला, "आणि हे आजीचं घर..."

"इसोनो मासुयोचं घर," ती उभी राहून म्हणाली. आवाज कापरा होता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "तुमच्या हातातल्या कागदावर माझ्या नावाखाली जे लिहिलंय, ते मी लिहिलेलं नाही. मी रडले नाही."

 निशिवाकीनं भोंगा खाली केला.

"मग तुम्ही काय लिहिलं होतं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"त्या कापडाखाली आहे."

कुणी हललं नाही. दुसऱ्याच्या कापडाला हात लावायचा कसा, म्हणून सगळे पायांकडे बघत राहिले. मग शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पुढं आली. मिझुहो तिचं नाव, हे मागाहून कळलं. तिनं गाठ सोडली, कापड नीट घडी करून निशिवाकीच्या हातात दिलं आणि फळी वाचली. वाचता वाचता तिचं तोंड लाल झालं.

"आजी, मला हे अजिबात मान्य नाही."

"सांग की मग."

"माझी आजी हिवाळ्यात गेली. माझी परीक्षा होती म्हणून घरच्यांनी मला सांगितलंच नाही. मी गेले तोवर सगळं आटोपलं होतं. रडायचं कुठं तेच कळेना. या सिनेमात ती मुलगी पावसात रडली तेव्हा मला रडता आलं. आणि तुम्ही म्हणता, आजीला मारायला नको होतं!"

मला वाटलं, आता मासुयो नमणार. 

"तुझ्या घरच्यांनी चूक केली," ती म्हणाली. "तू रडलीस ते खरंच आहे. ते मी खोडलंय का? तुझं तू लिही, तुझं नाव घाल. पण माझ्या नावाखाली मला जे दिसलं तेच राहील. नाही पटलं तर नाही पटू दे."

"नाहीच पटलं," मिझुहो म्हणाली, पण फळीशेजारीच उभी राहिली.

मागून एक चष्मेवाला पोरगा म्हणाला, "पण आजी गेली नसती, तर त्या मुलीनं त्याला सांगितलं कसं असतं?"

"तोंडानं," मासुयो म्हणाली.

पहिलं हसू त्या नटीला फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण तोवर सगळ्यांनाच हसू आलं होतं. मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणे पोरगा भित्रा होता, कुणी म्हणे कर्णा वाजवणं हेच त्याचं बोलणं. एक बाई म्हणाल्या, त्यांनाही आलुबुखारांची काळजी लागली होती, पण असं म्हणायचं कसं, म्हणून गप्प बसल्या. मीही म्हणालो, की मी रडलो आणि पुन्हा बघितला तर पुन्हा रडेन. मासुयो म्हणाली, "हा बघा, याला काहीही चालतं."

गर्दी बंदराकडे उतरली तरी वाद चालूच होता. आवाज वरपर्यंत येत होता. निशिवाकी मागं राहिला. घडी केलेलं कापड काखेत धरून तो फळीकडे बघत होता.

"पुढच्या पत्रकात तुमचं तसंच छापतो," तो शेवटी म्हणाला. "पण काकू, ही फळी खालच्या रस्त्यावरूनसुद्धा वाचता येते हो. निदान अक्षरं तरी जरा लहान काढा."

"लहान अजून शिकले नाही," मासुयो म्हणाली आणि स्टूल उचलून आत गेली.