शेजारच्या वेलाचं फूल

मास्तरीणबाईंनी उद्या उमलणारी मादी कळी दोन बोटांत अलगद धरली, तिच्या टोकाला दोऱ्याचा वेढा दिला आणि गाठ मारायच्या आतच खिडकीतून आवाज आला.

"आवळू नकोस. देठ काळा पडतो."

"टोकाला बांधतेय. देठाला नाही."

"ते मला इथून कसं दिसणार?"

दिसत नाही तर बोलावं कशाला, हे मास्तरीणबाईंनी मनातच ठेवलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मास्तर खिडकीत खुर्ची टाकून बसत आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकत. चित्रकलेचे मास्तर ते. उभा जन्म मुलांच्या कागदावरच्या चुका काढण्यात गेला, ती खोड निवृत्तीनंतर सुटायची कुठली! हाकायला आता घरात शेळी एकच उरली होती.

परसात यंदा काकडीचे दोन वाण होते. भिंतीकडेला पांढरी. आखूड, गुळगुळीत, आणि इतकी गोड स्वभावाची की देठाकडचा तुकडा चाखून न बघता खुशाल खावी. कुंपणाकडेला पाकिटातल्या बियांची हिरवी, लांब आणि काटेरी. ती लागायची भरपूर, पण एखादा दिवस पाणी चुकलं की कडू होई, तोंडात घालवत नसे. ती मास्तरांनी आणवली होती, तुलना करून बघायला म्हणून. दोन वाण शेजारी लावले की मधमाशी इकडून तिकडे जाणारच, तिला कोण अडवणार? पांढरीच्या फुलावर हिरवीचा पराग पडला तर त्या वर्षी काही कळत नाही. फळ तसंच दिसतं, चवही तीच. बिघडतं ते आतलं बी. म्हणून बियांसाठी ठेवायची मादी फुलं आदल्या संध्याकाळी बांधायची, सकाळी सोडून त्यांत पांढरीचंच नर फूल फिरवायचं आणि पुन्हा बांधून टाकायची. परसातलं असलं सगळं काम गुडघे गेल्यापासून मास्तरीणबाई करत होत्या. त्याआधीही बहुतेक त्याच करत होत्या.

पांढरीचं बी त्यांच्या आईचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत निघाल्या, तेव्हा आईने ते फडक्यात बांधून हातात दिलं. "दागिना अडीअडचणीला मोडलास तरी चालेल," आई म्हणाली होती, "हे संपवू नकोस." पुढे आई गेली. भावांनी घर विकलं. तिच्या वाफ्यांवर आता कुणाच्या तरी मोटारी उभ्या असतात. आईचं म्हणावं असं एवढं बीच काय ते मागे राहिलं होतं, आणि जुनं बी म्हातारं होतं म्हणून मास्तरांनी यंदा बरणी झाडून सगळं पेरायला लावलं होतं.

दोरा संपत आला तेव्हा फाटक वाजलं. परसबाग मंडळाच्या अध्यक्ष आल्या होत्या. पेशाने दातांच्या डॉक्टर, त्यामुळे त्या हसल्या की समोरचा माणूस आपलं तोंड मिटून घेई.

"मास्तर, ठरलं बरं का," त्या खिडकीखालूनच म्हणाल्या. "यंदाचं बीवाटप तुमच्या परसात. पांढरीचं बी सगळ्यांना द्यायचं. आणि नाव द्यायचं, 'मास्तरांची पांढरी'."

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "माझं नाव कशाला? पण तुमचा आग्रहच असेल तर..."

"आग्रहच आहे. मूळ कुठलं हो हे?"

मास्तरीणबाई हातातला दोरा बोटाला गुंडाळत थांबल्या.

"जुनं आहे," मास्तर म्हणाले. "राखत आलोय."

डॉक्टरीणबाई गेल्यावर त्या घरात आल्या आणि हात न धुताच खुर्चीपाशी उभ्या राहिल्या.

"आईचं नाव नाही घेतलंत."

"कुठे?"

"आत्ता. त्या विचारत होत्या."

"अगं, बी दिलं कुणी याला काय महत्त्व? राखलं कुणी, ते महत्त्वाचं."

"मग राखलं कुणी?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"चहा टाक," ते म्हणाले.

त्यांनी टाकला. साखरही नेहमीएवढीच घातली. पण कपबशी टेबलावर आपटली. आयत्या बिळावर नागोबा हे त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत म्हटलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच हातचा चहा पिणाऱ्या माणसाबद्दल ते म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

सकाळी त्या परसात उतरल्या तेव्हा मास्तर खिडकीत येऊन बसलेच होते.

"नर फूल ताजं घे. कोमेजलेलं नको."

"ताजंच घेते."

त्या भिंतीकडे वळल्या. पांढरीच्या वेलावर नर फुलं ढीगभर उमलली होती. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या वळून कुंपणापाशी गेल्या आणि हिरवीच्या वेलावरचं एक टपोरं फूल खुडलं. पिवळं ते पिवळंच. खिडकीतून काय फरक कळणार? पाकळ्या मागे सोलून त्यांनी ते पांढरीच्या एकेका बांधलेल्या फुलात फिरवलं, सावकाश, एकही न चुकवता. आणि प्रत्येक पुन्हा बांधून टाकलं.

"छान," मास्तर म्हणाले. "अस्संच हवं."

दोरा बांधलेल्या काकड्या वेलावरच पिकून पिवळ्या झाल्या. बाकीच्या पांढऱ्या खाऊन संपल्या, वेल वाळले, उपटून टाकले. बी काढायचं काम मात्र मास्तरांनी स्वतःकडे घेतलं. गर पाण्यात आंबवला, धुतला, तरंगलेलं फेकून बुडालेलं कागदावर वाळत घातलं. दिसायला बी अगदी आईच्या बियांसारखं होतं. मास्तरीणबाई त्या कागदावरून नजर चुकवून ये-जा करत. आईचं बी लेकीनेच बुडवलं, हे त्यांना डाचत होतं. पण चोराच्या नावावर तरी नाही गेलं, असं म्हणून त्या मनाची समजूत घालत, आणि अर्ध्या रात्री ती समजूत उठून बसे.

मग मास्तर पाकिटं रंगवायला बसले. दार लोटून. त्या चहा घेऊन गेल्या की हाताचा पंजा कागदावर आडवा धरत. स्वतःचं नाव नक्षीदार काढायचं तर त्यात लपवायचं काय, असं म्हणून त्या कप ठेवून निघत.

मंडळाची माणसं जमली तेव्हा परसात खुर्च्या पुरेनात. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांवर लांबलचक भाषण केलं. टाळ्या झाल्या. मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"नाव मंडळाने ठरवलं होतं," ते म्हणाले. "मी बदललंय. राग मानू नका."

एवढं बोलून त्यांनी पहिलं पाकीट डॉक्टरीणबाईंना न देता मागे दारात उभ्या असलेल्या बायकोपुढे धरलं. त्यावर पांढऱ्या काकडीचं चित्र होतं, देठाजवळच्या फिक्या हिरव्या छटेसकट. वर मास्तरांच्या घोटीव अक्षरात लिहिलं होतं, 'सासूबाईंची पांढरी'. आणि खाली बारीक, 'राखली त्यांच्या लेकीने'.

मास्तरीणबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"अक्षर ठीक आहे ना?" मास्तरांनी हळूच विचारलं. "काही चुकलं असेल तर सांग."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काही नाही चुकलं."

तोवर पाकिटांची टोपली हातोहात फिरू लागली होती. माणसं चित्र बघत होती, पाकीट कानाशी हलवून बघत होती. मास्तरीणबाईंनी टोपलीच्या दिशेने एक पाऊल टाकलं, तर मध्येच डॉक्टरीणबाई आपलं पाकीट घेऊन पुढ्यात आल्या.

"आता तुम्हालाच विचारायला हवं. ही कडू नाही ना निघत?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. मास्तरही. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मास्तरीणबाईंनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"आईची कधीच निघाली नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलं.