तीन आयांचं दूध

डॉ. रादिया फुरातींनी बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळं दूध बेसिनमध्ये ओतून दिलं.

सलवा नर्सचा हात पुढे आलेला तसाच राहिला. नळाचं पाणी धो धो वाहत होतं. दारातून नवा डॉक्टर इलियास धावत आला तोवर बाटली उपडी पडली होती.

"मॅडम, ते तीन नंबरच्या बाळाचं होतं."

"बाळाचं नव्हतं. कुठल्या तरी बाईचं होतं. कोणाचं?"

"वॉर्डातल्या तीन आयांचं. तिघींच्या रक्ततपासण्या झाल्यात. दूध तापवून गार केलेलं आहे. परदेशात, ल्योंच्या इस्पितळात आम्ही असंच करायचो."

"नावं विचारली मी."

नावं इलियासने लिहून घेतलीच नव्हती. ल्योंला कोणी विचारत नसे. दूध यायचं, एकत्र व्हायचं, बाळांना जायचं. इथे त्याच्या मानेवर घाम आला, आणि घाम आला याचाच त्याला जास्त राग आला.

तीन नंबरचं बाळ तीन महिने आधी जन्मलेलं. वजन किलोभरसुद्धा नाही. बाळंतपणात झटके आलेली आई वरच्या मजल्यावर बेशुद्ध, तिला दुधाचा थेंब नाही. आज नळीतून दूध सुरू करायचंच होतं. पावडरीचं द्यायचं की बाईचं, एवढाच काय तो प्रश्न. पण पावडरीने असल्या कोवळ्या बाळांची आतडी सडतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने डोळ्यांनी बघितलं होतं.

"दुपारी सभेत बोलू," रादिया म्हणाल्या. "तुझा अभ्यास घेऊन ये."

गुरुवारच्या सभेत नवं संशोधन वाचायचं आणि मग त्याची सालटी काढायची, ही रादियांचीच शिस्त. त्या दिवशी खोली भरली होती. बेसिनची बातमी जेवणाआधीच सगळीकडे झाली होती. मागच्या खुर्चीत डॉ. तौफिक मस्मूदी बसले होते, लहान मुलांचे सर्जन. सडलेली आतडी कापायचं काम त्यांचं. ते सभेला सहसा डुलक्या काढायला येत. आज जागे होते.

इलियासने भिंतीवर आकडे दाखवले. बऱ्याच देशांतले अभ्यास, हजारांवर बाळं. दुसऱ्या बाईचं दूध दिलं तर आतडी सडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं.

"आणि मृत्यू?" रादियांनी विचारलं.

"मृत्यूंत तसा फरक दिसत नाही."

"वजन?"

"वजन थोडं हळू वाढतं, मॅडम."

"म्हणजे मरणारी तेवढीच मरतात, जगणारी रोडावतात, आणि तू मला सांगतोस की हे आजच सुरू करा."

दोघंतिघं हसले. इलियासचे कान लाल झाले.

"तुझ्या तक्त्यात," मागून तौफिक म्हणाले, "हातभर आतडं कापून घरी गेलेलं पोर कुठल्या रकान्यात आहे?"

"जगलेल्यांत, सर."

"झालं तर. रादिया, त्या रकान्यातली पोरं माझ्याकडे येतात. तुझ्याकडे नाही."

हसू थांबलं. रादियांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"इलियास, या बाळांवर किती काळ नजर ठेवली होती?"

"घरी जाईपर्यंत. काहींवर दोन वर्षं."

"आमच्याकडे परिणाम वीस वर्षांनी दिसतो. एका बाईचं दूध प्यालेली पोरं भावंडं होतात, त्यांचं लग्न होत नाही. त्या बाईची सगळी पोरं त्या बाळाची भावंडं. एक घोट पुरतो, नळीतून गेला तरी. हे तुझ्या आजीने सांगितलं नाही का तुला? का तिलाही ल्योंला नेलं होतं?"

"मॅडम, वीस वर्षांनी लग्न करायला आधी ते जगायला तर पाहिजे."

रादियांशी असं कोणी बोलत नसे. त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा काढला. तेव्हा इलियासला पहिल्यांदा वाटलं की बाई रागावलेल्या नाहीत, घाबरलेल्या आहेत. कशाला, ते त्याला कळेना.

"दूध देऊ नका असं मी म्हटलंच नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "एकाच बाईचं द्या. तिचं नाव बापाला कळू दे, बापाचं नाव तिला. समोरासमोर. बाप नको म्हणाला तर पावडर. मग ती आतडी कापायला तौफिक आहेच."

"मी नाही कापणार," तौफिक शांतपणे म्हणाले. "तू बापाशी नीट बोलशील."

हे दोघं एकमेकांशी असं का बोलतात, याचं इलियासला आल्या दिवसापासून कोडं होतं. रोज संध्याकाळी एकाच गाडीतून जातात, लग्न दोघांचंही नाही. नवरा-बायको का, असं त्याने सलवाला विचारलं तेव्हा ती "वेडा आहेस का, भाऊबहीण आहेत" म्हणून निघून गेली होती. आडनावं वेगळी कशी, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

बाळाचा बाप मूल्दी केरकेन्ना बेटावरचा, ऑक्टोपस धरणारा. सकाळच्या बोटीने आला होता, अंगाला अजून समुद्राचा वास होता. वॉर्डात ज्या एका बाईला दूध ओसंडत होतं, ती नज्वा, तीही त्याच बेटावरची निघाली. तिची पोर काविळीसाठी दिव्याखाली होती. दोघांना मधल्या व्हरांड्यात समोरासमोर उभं केलं. साक्षीला तौफिक आणि सलवा.

मूल्दीने सगळं ऐकून घेतलं. टोपी काढून हातात चुरगाळली.

"हिला ओळखतो मी. खालच्या वस्तीतल्या जाळीवाल्याची सून. हिला आधीच चार पोरी आहेत, बाई. ही पाचवी."

"हो," रादिया म्हणाल्या.

"म्हणजे एका घोटात पाच बहिणी. आमचं बेट केवढं, ते माहीत आहे ना तुम्हाला? माझ्या पोराने लग्न कोणाशी करायचं, ऑक्टोपसशी?"

नज्वा पदराआड हसली. मग तिला रडू आलं.

"मूल्दीभाऊ, मी रोज बेसिनात ओतते," ती म्हणाली. "मला बघवत नाही ते."

इलियासने तोंड उघडलं होतं, आकडा जिभेवर होता. तौफिकनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

मूल्दी काचेतून आत बघत राहिला. आत पोराची छाती भराभर वरखाली होत होती.

"जगू दे," तो म्हणाला. "बहिणी तर बहिणी. निदान ईदला जेवायला पाच घरं होतील."

सलवा नज्वाला घेऊन लगबगीने आत गेली. इलियासचा जीव भांड्यात पडला. आता सही घ्यावी म्हणून तो पेन काढणार, तोच रादियांनी मूल्दीला थांबवलं.

"पोरांना कधी सांगणार?"

"मोठी झाली की सांगू, बाई. बेटावर सगळ्यांना ठाऊक असतंच."

"सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच कोणी सांगत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल." त्या एक पाऊल पुढे आल्या. "बोलायला लागलं की सांगायचं. घास भरवताना सांगायचं. मेंदीच्या रात्री, हात रंगल्यावर, एखादी म्हातारी येऊन सांगेल की हिची आई आजारी होती तेव्हा एकदा मी दोघांनाही पाजलं होतं, अशी वेळ आणायची नाही. कळलं?"

मूल्दीने मान हलवली. बाई एवढ्या का चिडल्या, हे त्याला समजलं नाही.

वेगळ्या आडनावांचे भाऊबहीण. इलियासने वर पाहिलं. तौफिक खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सामानाची गाडी तेवढी उभी होती.

आतून सलवाने हात वर केला. पहिलं दूध नळीतून गेलं होतं, चमचाभरही नसेल. मूल्दीने काचेला कपाळ टेकलं.

"चल," थोड्या वेळाने तौफिक वळून म्हणाले. "आई वाट बघत असेल. उशीर झाला की जेवत नाही ती."

त्यांनी खुंटीवरचा रादियांचा कोट काढून धरला. रादियांनी मागे न बघताच बाहीत हात घातले.