खाऱ्या दलदलीचं वचन

माझ्या बाबांना बायबलच्या जुन्या करारात येशू कुठंही सापडायचा. राहाबेच्या खिडकीतली तांबडी दोरी म्हणजे त्याचं रक्त, इसहाकाने पाठीवर वाहिलेली लाकडं म्हणजे त्याचा क्रूस, आणि योना माशाच्या पोटात गेला की बाबा थेट कबरीपाशी पोचलेच. आई म्हणायची, ह्यांना भाजीच्या पिशवीतही येशू सापडेल, मेथी तेवढी आणायची राहील. बीबी गावातल्या आमच्या टिनाच्या छपराखालच्या मंडळीचे ते पाळक. सारं गाव त्यांना इंद्रभान पाळक म्हणतं, आणि ते मला, चाळिशीला टेकलेल्या बाईला, अजून छकुली म्हणतात.

आई गेली आणि त्यांचं वाचन संपलं. काचबिंदूने अक्षरं कधीच पुसली होती, आईच त्यांना वाचून दाखवायची. दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी आले तेव्हा ते अंगणात पवित्र शास्त्र मांडीवर मिटून बसले होते. रविवारी त्यांना शेवटचा उपदेश करून मंडळी दुसऱ्याच्या हाती सोपवायची होती. विषय ठरलेला होता, यहेज्केल संदेष्ट्याने दृष्टांतात पाहिलेली नदी. वाचायला कोणी तरी हवं होतं. मी वाचणार नाही, असं मी चहा खाली ठेवण्याआधीच सांगून टाकलं.

का, ते त्यांना ठाऊक होतं. माझी मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली तेव्हा बाबा मेहकरच्या दवाखान्यात यशयाच्या पानात बोट घालून उभे होते. थोडेच दिवस जगणारं तान्हं बाळ तिथं नसेल, असं संदेष्ट्याने लिहून ठेवलंय, हे आपल्या रूथसाठीच आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. संदेष्टा बोलत होता येणाऱ्या नव्या यरुशलेमेबद्दल, बाबांनी ते मेहकरला आणलं. मी त्या वचनाला घट्ट धरून बसले. रूथ थोडेच दिवस जगली. तेव्हापासून मी ते पुस्तक उघडलेलं नाही, आणि बाबांच्या तोंडून रूथचं नाव निघालेलं नाही. मला त्या वचनाहून त्यांच्या गप्प राहण्याचा राग जास्त होता.

त्यातच कोणी तरी त्यांच्या कानावर घातलं, की लोणारच्या सरोवरात मासे दिसले. खाऱ्या पाण्यात मासे. बाबांना रात्री स्वप्नही पडलं, की सरोवराच्या काठावर कोळी जाळी वाळत घालतायत आणि त्यांच्यात आई पापड वाळवतेय. सकाळी म्हणाले, मला तिथं घेऊन चल. म्हातारा माणूस स्वप्न बघतो आणि पाय मात्र दुसऱ्यांचे दुखतात, असं मी पुटपुटले, पण जीप ठरवली. त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं, ते मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आम्ही पोचलो तेव्हा विवर धुक्याने काठोकाठ भरलं होतं. खाली सरोवर आहे की आभाळच उतरून बसलंय, कळत नव्हतं. विवराच्या काठावरच्या धारेपाशी बायका अंघोळी करत होत्या. देवळापाशी गोमुखातून पाणी पडत होतं, वर्षभर पडतं तसं. बाबांनी ओंजळ धरली, पाणी प्यायले, आणि चेहरा असा उजळला, की मला जुने बाबा दिसले. यहेज्केलचं पाणीही मंदिराच्या उंबऱ्याखालून निघतं, म्हणाले, आणि खाऱ्या समुद्राला जाऊन त्याला गोड करतं. ते पाणी पूर्वेला जातं, हे पश्चिमेला, मी म्हटलं. ते हसले. देवाला वळसा माहीत असतो, म्हणाले.

त्यांचा हात धरून मी एकेक पायरी उतरले. झाडांतून मोरांचे आवाज येत होते, मोर मात्र दिसत नव्हते. धुक्यात बाबांचं वजन हलकं लागत होतं, जणू मीच त्यांच्या स्वप्नात चालत होते. आणि त्या पांढऱ्या उजेडात मला खरंच वाटू लागलं, की खाली जाळी असतील, आई असेल, आणि तिच्या पदराशी कोणी तरी लहान असेल. मला ते फार हवं होतं.

काठावर हिरवं पाणी होतं आणि सोड्याचा वास. मासा एकही नव्हता. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी साबणासारखं बुळबुळीत, खारट, कडवट. आई ज्या पापडखाराने पापड करायची, तीच चव. ते खडकावर बसले आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मला नाही म्हणवेना.

मी वाचलं. पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग पोहल्याशिवाय पार न होणारं. काठाची झाडं. गोड झालेला समुद्र, मासे, जाळी. इथं बाबांनी हात वर केला. मंडळीतही ते इथंच थांबवायचे, आईलाही. एवढ्यावर आमेन व्हायचं. पण माझी नजर पुढच्या ओळीवर गेली होती, आणि आज मी थांबणार नव्हते. दलदल आणि पाणथळ जागा मात्र गोड होणार नाहीत, असं तिथं होतं. त्या मिठासाठीच ठेवलेल्या आहेत.

धुकं सरोवरावरून उठायला लागलं होतं. मी वाट पाहिली. आता मिठाचा अर्थ निघेल, अर्पणातलं मीठ निघेल, पृथ्वीचं मीठ निघेल, आणि येशू तर निघेलच. निघाला तर मी पुस्तक मिटून वर चालायला लागणार होते.

"हे वचन मी कधी वाचू देल्लं नाही," बाबा म्हणाले.

"काऊन?"

"ह्याचा अर्थ मले सापडला नाही. अजूनही नाही." त्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं. "आपली रूथ आता शाळेत जात असती, छकुली. मी तुले खोटं वचन देल्लं. देवाचं होतं, पण तुह्यासाठी नव्हतं."

मी रडले. मोठ्याने रडले, काठावरच्या बगळ्यांना उडवून लावण्याइतकी. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला पाहिलं, दिसत नसल्यामुळे तो खांद्यावर पडला, आणि तिथंच राहिला.

रविवारी टिनाच्या छपराखाली मी पुढं उभी राहिले. नदी वाचली, झाडं वाचली, मासे आणि जाळी वाचली. लोक सवयीने आमेन म्हणाले. मला अक्षरं दिसेनात, आणि मी थांबले.

पहिल्या रांगेत बाबा खुर्चीवर बसले होते.

"पुढं वाच, छकुली," ते म्हणाले, "दलदल राह्यली."